वर्ग शांत आहे, वह्या पूर्ण आहेत; पण मुले वर्गात आहेत का?

खडूची धूळ (प्रश्न)

मी तिसरीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ३४ मुले आहेत, शिस्तीबद्दल वर्गाचे नाव चांगले आहे आणि गृहपाठ अपूर्ण राहिल्याची तक्रार क्वचितच येते. मागच्या आठवड्यातल्या एका लहानशा प्रसंगाने मात्र मी अस्वस्थ झाले आहे, म्हणून हा प्रश्न मांडते.

हातच्याची बेरीज शिकवताना मी फळ्यावर ४७ आणि २६ यांची उभी मांडणी केली, बोलण्याच्या नादात हातचा घ्यायचा विसरले आणि खाली ६३ लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळले. वर्गात कोणीही काही बोलले नाही. चूक माझ्या लक्षात आली ती संध्याकाळी वह्या तपासताना. २९ मुलांनी ६३ जसेच्या तसे उतरवून घेतले होते, दोघांनी ते उदाहरण लिहिलेच नव्हते आणि तिघांच्या वहीत ७३ होते. त्या २९ वह्यांतली एक वही मी बराच वेळ हातात धरून बसले. त्या मुलीने आधी ७३ लिहिले होते, मग ते खोडून त्यावर ६३ केले होते आणि खोडताना इतके घासले होते की तेथला कागद पातळ होऊन आरपार उजेड दिसत होता. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बाई, मला वाटले माझेच चुकले.”

ही मुलगी वेळेवर येते, फळ्याकडे पाहते, वही स्वच्छ ठेवते, कोणाशी भांडत नाही. आम्हाला दर महिन्याला प्रत्येक मुलाच्या नावापुढे ‘सहभाग’ आणि ‘आनंद’ असे दोन रकाने दहापैकी गुण देऊन भरावे लागतात आणि या मुलीला मी सहभागासाठी ८ दिले होते. आता ते ८ नेमके कशाचे होते, हे मला सांगता येत नाही. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता आहे, त्यात तिच्या नावापुढे भरपूर चांदण्या आहेत. हात वर करणारी मुले मात्र वर्षभर तीच सहा-सात.

मूल खरोखर शिकण्यात गुंतलेले आहे की केवळ आज्ञाधारक आहे, हे कशावरून ओळखावे? ते वर्गात सुखी आहे का, हे त्याला अवघडून न टाकता कसे समजून घ्यावे? आणि ३४ मुलांच्या वर्गात एका शिक्षिकेला झेपेल असे नेमके काय बदलावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

---

जुना मुख्याध्यापक

बाई, आपण त्या वहीपाशी थांबलात, हीच मोठी गोष्ट आहे. पुष्कळ जण लाल खूण करून पुढे जातात, आणि येथे तर लाल खूण करायलाही जागा नव्हती, कारण मुलीने फळ्यावरचेच लिहिले होते.

आपल्या ८ गुणांचा घोटाळा असा आहे की ‘सहभाग’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. जेनिफर फ्रेडरिक्स, फिलिस ब्लुमेनफेल्ड आणि अ‍ॅलिसन पॅरिस यांनी २००४ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेताना त्या वेगळ्या करून दाखवल्या. पहिला सहभाग वर्तनातला, म्हणजे हजेरी, काम पूर्ण करणे, नियम पाळणे. दुसरा भावनिक, म्हणजे शाळा, शिक्षक आणि सोबती आपले वाटणे. आणि तिसरा बौद्धिक, म्हणजे समजून घेण्यासाठी स्वतःचे डोके शिणवण्याची तयारी. आपल्या विद्यार्थिनीला वर्तनासाठी दहापैकी दहा द्या. ७३ हे उत्तर तिने स्वतः काढले होते, तेव्हा डोकेही चालू होतेच. उणीव आहे ती मधल्या गोष्टीची: आपले उत्तर फळ्यापेक्षा बरोबर असू शकते, आणि तसे म्हटल्याने आपले काही बिघडणार नाही, एवढा भरवसा तिला वाटला नाही. (उरलेल्या २८ जणांचे दुखणे वेगळे असू शकते. त्यांनी बेरीज केलीच नसेल, कारण फळ्यावर उत्तर आयते असताना करायची कशाला?)

उपायांमध्ये मी सर्वांत वर ठेवीन ती गोष्ट फुकट आहे आणि तरीही अवघड आहे: प्रश्न विचारल्यावर थांबणे. मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही धड थांबत नाहीत आणि मुलाचे उत्तर संपताच तितक्याच घाईने बोलू लागतात. ही दोन्ही अंतरे तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तेव्हा उत्तरे लांब झाली, न विचारता पुढे येणारी योग्य उत्तरे वाढली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली आणि ज्यांना शिक्षक ‘मंद’ समजत होते ती मुलेही बोलू लागली. हे निष्कर्ष १९७० च्या दशकातले आहेत, पण कोणत्याही वर्गात मागच्या बाकावर बसून मनात आकडे मोजून पाहा, आजही तेच दिसेल.

मी स्वतः हे करायला गेलो तेव्हा पहिला आठवडा फार वाईट गेला. तीन सेकंद इतके लांब असतात हे मला ठाऊकच नव्हते. आपणच उत्तर विसरलो आहोत अशा नजरेने मुले माझ्याकडे पाहत, आणि शांतता असह्य होऊन मी दुसऱ्याच सेकंदाला तोंड उघडत असे. शेवटी हातातला खडू सावकाश टेबलावर ठेवायचा, तो ठेवून होईपर्यंत बोलायचे नाही, असा नेम मी स्वतःला घालून घेतला. दुसरी सवय लावावी लागली ती म्हणजे प्रश्नाआधी नाव न घेण्याची. नाव आधी उच्चारले की उरलेली ३३ मुले त्या प्रश्नातून सुटतात.

आणि उत्तर आल्यावर लगेच “शाबास” म्हणू नका. ‘शाबास’ म्हणजे प्रश्न संपला. “हे कसे काढलेस?” असे विचारा, आणि हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. तो फक्त चुकीच्या उत्तराला विचारला, तर दोन दिवसांत मुलांना त्याचा अर्थ कळतो.

---

मुलांशी बोलते

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी प्रामुख्याने ‘आनंद’ या रकान्याविषयी लिहिते, कारण तो रकाना मला धोक्याचा वाटतो.

एका वर्गात मी पाहिले होते की भिंतीवर हसरा, साधा आणि रडका असे तीन चेहरे लावले होते आणि रोज सकाळी प्रत्येक मुलाने आपल्या नावाची चिमटी एका चेहऱ्याला लावायची होती. पहिल्या दोन दिवसांत रडक्या चेहऱ्यावर चार-पाच चिमट्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग हसू लागला, कारण रडक्या चेहऱ्यावर चिमटी लावली की सर्वांसमक्ष “काय झाले?” असा प्रश्न येतो, हे मुलांना समजले होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या मनाची स्थिती चारचौघांत जाहीर करायला लावणे ही विचारपूस नव्हे. शिक्षिकेला बरे वाटेल असे उत्तर देण्यात ही मुले मोठ्यांपेक्षा पटाईत असतात.

विचारण्यापेक्षा पाहणे अधिक भरवशाचे. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठातील फेर लाव्हर्स यांनी तयार केलेली पाहण्याची एक पद्धत मी नेहमी वापरते. एका मुलाकडे साधारण दोन मिनिटे केवळ पाहायचे आणि दोन बाबी १ ते ५ या श्रेणीत नोंदवायच्या. एक म्हणजे ते मूल किती निवांत, मोकळे आणि स्वतःशी सुखाने आहे, आणि दुसरी म्हणजे हातातल्या कामात ते किती बुडालेले आहे. गुंतलेल्या मुलाची लक्षणे डोळ्यांना दिसतात: आसपासच्या आवाजाने ते चटकन विचलित होत नाही, अडले तरी सोडून देत नाही, अंगात एक प्रकारची ऊर्जा असते, बारीकसारीक गोष्टी नीट करण्याकडे ओढा असतो. उलट हात चालू आहे पण नजर रिकामी आहे, अर्ध्या ओळीनंतर पेन्सिल थांबते, शेजाऱ्याच्या वहीकडे पाहून पुन्हा चालू होते, असे दिसले की श्रेणी खाली येते. महत्त्वाची गोष्ट अशी की ही श्रेणी मुलाला दिलेली नसते. त्या क्षणी, त्या कामात, त्या वर्गात मुलाची जी स्थिती आहे तिची ती नोंद असते, आणि ती खालची निघाली तर प्रश्न आपल्याला पडायचा असतो. ३४ मुलांसाठी दोन-दोन मिनिटे म्हणजे ६८ मिनिटे. रोज सात मुले घेतली, तर एका आठवड्यात वर्ग पूर्ण होतो.

ही नोंद वेगवेगळ्या वेळी करावी. भाषेच्या तासाला कोमेजलेले मूल मैदानावर वेगळेच दिसते, आणि तेथेही कोमेजलेलेच दिसले तर अधिक काळजीपूर्वक पाहावे लागते.

पाहताना शरीराकडे दुर्लक्ष करू नये. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी किंवा ठरावीक तासाच्या आधीच दुखणारे पोट, वारंवार लघवीला जाण्याची परवानगी, नखे कुरतडणे, चांगल्या चाललेल्या अक्षराचे अचानक बिघडणे, यांतले एखादे लक्षण एकदा दिसले म्हणून घाबरू नये. पण दोन-तीन आठवडे टिकले तर तारखेसह लिहून ठेवावे. आणि मनाच्या कारणांकडे धाव घेण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात. ‘लक्ष नसलेली’ म्हणून माझ्याकडे पाठवलेली कितीतरी मुले फळा नीट न दिसणारी किंवा एका कानाने कमी ऐकणारी निघाली आहेत. झोपेचेही तसेच आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्राविकार-तज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. रात्री सात तास झोपून आलेल्या मुलाला दुसऱ्या तासाला आपण ‘निरुत्साही’ म्हणतो, ते निदान नव्हे.

अडचणी रेंगाळल्या तर रॉबर्ट गुडमन यांची २५ विधानांची प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात भावना, वर्तन, चंचलता, सोबत्यांशी संबंध यांच्याबरोबर इतरांना मदत करण्याची वृत्ती, म्हणजे मुलाची बलस्थानेही विचारली जातात. परंतु ती चाळणी आहे, निदान नाही. तिचा अर्थ लावणे प्रशिक्षित व्यक्तीवर सोडावे आणि गुण शिक्षक-खोलीतल्या गप्पांत येऊ देऊ नयेत.

‘बाई, मला वाटले माझेच चुकले’ हे वाक्य मात्र मला आजाराचे लक्षण वाटत नाही. त्या मुलीला प्रश्नावलीची गरज नाही. तिच्या देखत एखाद्या मोठ्या माणसाने शांतपणे स्वतःची चूक कबूल करण्याची आहे.

---

दुसरीचा बाबा

मी शिक्षक नाही, पालक आहे. पण चांदण्यांच्या तक्त्याचा उल्लेख आला म्हणून लिहायचे धाडस करतो.

माझा मुलगा बालवर्गात असताना घरी तासन्‌तास चित्रे काढत असे. पहिलीत चित्राला चांदणी मिळू लागली. काही महिन्यांतच तो चित्र काढायला बसण्याआधी “याला किती चांदण्या?” असे विचारू लागला, आणि घरी चांदणी मिळत नाही म्हटल्यावर कागद बाजूला ठेवू लागला. आम्हाला वाटले की त्याची आवडच बदलली. नंतर एका शिक्षक मित्राने मला १९७३ च्या एका प्रयोगाविषयी सांगितले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी ज्यांना चित्र काढायला मुळातच आवडते अशी तीन ते पाच वर्षांची मुले निवडली होती. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते न सांगता नंतर दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत रंगीत पेने समोर ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत बसली. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नव्हती. म्हणजे घात बक्षिसाने केला नव्हता, सौद्याने केला होता.

दुसरी गोष्ट मधल्या सुट्टीची. मुलाचे लेखन हळू होते, म्हणून अपूर्ण राहिलेले काम त्याला मधल्या सुट्टीत वर्गात बसवून पूर्ण करायला लावत. शाळेचे नाव घेत नाही, शिक्षिकांचा हेतूही वाईट नव्हता. परंतु ज्या मुलाला पाय मोकळे करण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याचीच सुट्टी रोज कापली जात होती, आणि सुट्टीनंतरच्या तासाला तो चुळबुळ करतो म्हणून वेगळी तक्रार येत होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये मधल्या सुट्टीवर एक निवेदन काढले, त्यात ही सुट्टी शिक्षा म्हणून किंवा अभ्यासाच्या कारणाने हिरावून घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मी ते छापून नेले नाही (नेले असते तर बहुधा पुढची सगळी वर्षे जड गेली असती). फक्त विनंती केली की उरलेले काम घरी पाठवावे. बाईंनी ते मान्य केले. अक्षर अजूनही हळूच आहे, पण सकाळी बूट घालताना होणारी रडारड थांबली.

“आज शाळेत काय केले?” या प्रश्नाला “काही नाही” हे उत्तर सगळ्याच घरांत मिळत असावे. आम्ही आता “आज तू कोणाशेजारी बसलास?” आणि “आज कोणाला बोलणी बसली?” असे विचारतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो फार रंगून देतो, आणि त्यातच त्याची स्वतःची भीतीही कळते.

---

बारा वर्षे गणित

चर्चा चांगली चालली आहे, परंतु थोडा विरोधी सूर लावतो, कारण अशा चर्चा बऱ्याचदा ‘वर्ग आनंददायी करा’ या वाक्यावर येऊन थांबतात आणि शिक्षक दुसऱ्या दिवशी टाळ्या, गाणी आणि टोप्या घेऊन वर्गात जातो. मुले खूश होतात, हातचा तेथेच राहतो.

माझा अनुभव असा की मुलाला येऊ लागले की आवडू लागते. आवडले की येईल, हा उलटा क्रम कधीकधी चालतो, पण त्यावर वर्ग चालवता येत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: स्वतः काही ठरवता येणे, आपल्याला जमते असे वाटणे आणि आपली माणसे असणे. वरच्या प्रतिसादांत पहिल्या आणि तिसऱ्या गरजेला पुरेसा न्याय मिळाला, ‘जमते’ मात्र मागे पडले. आठ वर्षांच्या मुलाला रोज सहा तास अशा जागी बसवा की जेथे त्याला दहातली सहा उत्तरे येत नाहीत, आणि मग त्याच्या भिंतीवर कितीही फुगे लावा.

बॅरक रोझेनशाइन यांनी परिणामकारक अध्यापनाची तत्त्वे मांडताना चौथीच्या गणित-वर्गांचा एक अभ्यास दिला आहे. सर्वाधिक यशस्वी शिक्षकांच्या वर्गात मुलांची ८२ टक्के उत्तरे बरोबर येत होती आणि सर्वांत कमी यशस्वी शिक्षकांच्या वर्गात ७३ टक्के. सराव करताना साधारण ८० टक्के यश असावे, असे ते म्हणतात. याचा अर्थ सोपे शिकवावे असा नाही. तुकडे लहान करावेत, प्रत्येक तुकडा झाल्यावर तपासावे आणि बहुतेकांना जमल्याशिवाय पुढे सरकू नये, असा आहे.

आता तपासायचे कसे? हात वर करायला लावून नव्हे, कारण हात वर करणे ही स्वेच्छेची गोष्ट आहे आणि त्यात तीच सहा-सात मुले भेटतात. माझ्याकडे प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक छोटी पाटी असते. प्रश्न विचारायचा, सर्वांनी पाटीवर लिहायचे, पाटी पालथी धरायची आणि “दाखवा” म्हटले की सर्वांनी एकदम वर करायची. दहा सेकंदांत सगळा वर्ग वाचून होतो. कोणाचे चुकले हे मला दिसते, शेजाऱ्याला फारसे दिसत नाही, आणि पाटीवरची चूक हाताने पुसली की गेली. वहीतली चूक मुलांना कायमची वाटते. तुमच्या त्या मुलीने कागद झिजेपर्यंत खोडले, त्यामागे हेही असेल.

चांदण्यांचा तक्ता मात्र मी सरसकट काढायला सांगणार नाही. ज्या कामाची मुळात आवड नाही, उदाहरणार्थ वह्या रांगेत ठेवणे, तेथे छोटेसे बक्षीस काही बिघडवत नाही. वरच्या पालकांनी सांगितलेला प्रयोग आधीपासून आवडणाऱ्या कामाविषयी आहे, हे विसरू नये.

---

दुसरीचा बाबा

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य आहे.

---

खडूची धूळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांचे सल्ले एकदम अमलात आणणे शक्य नव्हते, म्हणून तीनच गोष्टी केल्या. काय झाले ते जसे घडले तसे सांगते.

सर्वांत आधी मी ती बेरीज पुन्हा फळ्यावर मांडली, “ही मी त्या दिवशी चुकवली होती, कोठे चुकले असेल?” असे विचारले आणि खडू सावकाश खाली ठेवला. वर्ग गप्प. मला वाटते दहा सेकंद झाले असतील, मला ते एका तासासारखे वाटले. मग मागून एक मुलगा हळूच म्हणाला, “हातचा.” मी “कसे कळले?” विचारल्यावर तो घाबरून “नाही, बरोबर आहे” म्हणाला. जुने मुख्याध्यापक सर म्हणाले होते तेच झाले: आमच्या वर्गात “कसे?” या प्रश्नाचा अर्थ “चुकले” असा होता. आता मी तो सगळ्याच उत्तरांना विचारते. अर्थ अजून पूर्ण बदललेला नाही. एक गंमतही झाली. चार दिवसांनी मी ५८ आणि ३१ यांची बेरीज ८९ अशी अगदी बरोबर लिहिली, तरी एका मुलीने उठून “बाई, हातचा राहिला” असे ठणकावून सांगितले. तिचे म्हणणे चूक आहे हे सिद्ध करताना वर्गातली निम्मी मुले बोलली. गेल्या सबंध वर्षात एका उदाहरणावर इतकी मुले बोलली नव्हती.

दुसरी गोष्ट दोन मिनिटे पाहण्याची. पहिला आठवडा पूर्ण झाला, दुसरा अर्धाच झाला. हात वर करणाऱ्या त्या सात मुलांपैकी दोघे कामात फारसे गुंतलेले नसतात, असे दिसले. हात वर करणे हेच त्यांचे काम असते आणि विचारले नाही की ते खिडकीबाहेर पाहतात. उलट ज्या मुलाला मी सहभागासाठी ४ दिले होते, तो भूमितीच्या आकृत्या कापताना इतका बुडाला होता की घंटा झालेली त्याला कळली नाही. त्या महिन्याच्या तक्त्यात मी ‘आनंद’चा रकाना मोकळा ठेवला आणि सोबत प्रत्येक मुलाविषयी एकेक ओळ लिहून दिली. अजून तरी कोणी विचारलेले नाही. बहुधा वाचलेलेच नाही.

पाट्या सर्वांत उपयोगी पडल्या. त्या मुलीचे सांगायचे, तर पहिले काही दिवस ती पाटी छातीशी धरून शेजारणीची पाटी वर जाईपर्यंत थांबत असे, तिचे उत्तर पाहून आपले पुसत असे आणि मगच वर करत असे. मी काही बोलले नाही. गेल्या गुरुवारी तिने पाटी सर्वांबरोबर वर केली. पाटीवर एकच आकडा होता, पुसल्याचा पांढुरका डाग नव्हता. उत्तर चुकीचे होते.

आता एक नवा प्रश्न पडला आहे, तो समुपदेशक ताईंसाठी. नोंदी करताना दिसले की एक मुलगा मधल्या सुट्टीत रोज एकटाच मैदानाच्या कडेने फिरतो. वर्गात तो चांगला असतो. त्याच्याबरोबर खेळा असे मी इतरांना सांगावे का?

---

मुलांशी बोलते

सर्वांसमक्ष सांगू नये. तसे सांगितले की तो ‘बाईंनी ज्याच्याशी खेळायला सांगितले तो मुलगा’ होतो आणि ही ओळख पुसायला फार वेळ लागतो.

आधी तो एकटा आहे की एकटा पडला आहे, हे पाहावे. काही मुलांना सकाळभर ३४ जणांत बसल्यानंतर थोडा वेळ स्वतःबरोबर हवा असतो. अशी मुले फिरताना काहीतरी गुणगुणतात, काड्या वेचतात, मुंग्या पाहतात आणि घंटेनंतर ताजीतवानी परत येतात. एकटे पडलेले मूल फिरताना वारंवार खेळणाऱ्यांकडे पाहते, जवळ जाऊन थबकते आणि घंटा होण्याआधीच वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहते. पाच-सहा सुट्ट्या लांबून पाहिल्यात तर फरक कळेल.

दुसरा प्रकार निघाला, तर त्याला एखाद्या शांत, समजूतदार मुलाच्या जोडीने असे काम द्यावे की जे दोघांशिवाय होत नाही: पाट्या वाटणे आणि गोळा करणे, रोपांना पाणी घालणे, लांब दोरीची दोन टोके धरणे. मोठ्या घोळक्यात शिरण्यापेक्षा एक सोबती मिळवणे या वयात सोपे असते, आणि तो एक असला की बहुतेक वेळा पुरतो. जोडी दोन आठवडे तरी बदलू नये. आणि घरी एकदा सहज विचारून पाहावे की शाळेतल्या कोणाचे नाव त्याच्या बोलण्यात येते का.